राऊतांचं मत

आमच्या वाचनालयातला सगळ्यात चोखंदळ वाचक मी कधीच पाहिला नाही. वसंत राऊत त्यांचं नाव. तारापूरच्या बाजूला, खाडीजवळच्या एका गावात त्यांची वाडी. ते आजारी असायचे, म्हणून पुस्तकं न्यायला-आणायला त्यांच्या पत्नी यायच्या, सुमनताई. आठवड्याच्या बाजाराला बोईसरला आल्या की भाजीच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि मी विचारायच्या आधीच सांगायच्या, "ते म्हनतात, शेवट घाईत उरकलाय."

हे "ते म्हनतात" मी बरीच वर्षं ऐकलं. एकदा एका गाजलेल्या कादंबरीबद्दल निरोप आला, "ते म्हनतात, बाई उगीच मारली. लिवनाऱ्याला पुढं सुचलं नाय काय." एका ग्रामीण कथासंग्रहाबद्दल, "ते म्हनतात, हा मानूस विहिरीवर कवा गेलेलाच नाय. रहाट असा वाजत नाय." मी नंतर ती कथा उघडून पाहिली. रहाट खरंच विचित्र वाजत होता.

मी बोईसरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, येत्या वर्षी निवृत्त होईन. ग्रंथपालाचं काम म्हणजे पंख्याखाली बसून शिक्के मारणं, अशी लोकांची समजूत असते. शिक्के मारावे लागतात हे खरं, पण खरं काम पुस्तक परत आल्यावर सुरू होतं. ते उघडून, झटकून बघायचं. कुणाच्या पुस्तकात हळदीची बोटं असतात, कुणाच्या पुस्तकात एसटीचं तिकीट, कुणाच्या पुस्तकात वाळू. कारखान्यातल्या माणसाचं पुस्तक वासावरून ओळखू येतं, तो कुठल्या खात्यात आहे हेही अंदाजाने सांगता येतं. राऊतांच्या पुस्तकांना कायम अंगाला चोळायच्या औषधी तेलाचा वास यायचा. गुडघे धरले असतील बिचाऱ्यांचे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमच्या धंद्यातली दुसरी एक गोष्ट मी पुढे पुस्तकातून शिकले, पण ती मला एका माणसानं आधीच शिकवली होती. औद्योगिक वसाहतीतला एक कामगार एकदा घाईघाईनं आला आणि म्हणाला, "मॅडम, आपके पास जो सबसे मोटी किताब है, वो दीजिए." विषय विचारला तर म्हणाला, "कोई भी. बस मोटी हो." मी शब्दकोशाचा सगळ्यात जाड खंड दिला. त्यानं शर्टाच्या आतून चुरगळलेलं आयटीआयचं सर्टिफिकेट काढलं, ते कोशात घातलं, कोश मिटला आणि त्यावर कोपर टेकून बसून राहिला. मुलाखतीला जायचं होतं आणि इस्त्री कुठे मिळेना. बसल्या बसल्या त्यानं हिंदी मासिकं चाळली आणि पुढे तो आमचा सभासद झाला. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. त्याच्याशी बोलून ते खरं काय ते काढून घ्यायचं, याला ग्रंथालयशास्त्रात भारदस्त नाव आहे.

राऊतांच्या बाबतीत मात्र मी काही काढून घेतलं नाही. दर वर्षी नवी पुस्तकं घ्यायची वेळ आली की मी समितीला सांगायची, "या लेखकाचं नको, राऊतांना आवडत नाही." समितीतल्या लोकांनीही राऊतांना पाहिलं नव्हतं, पण त्यांचं नाव घेतलं की सगळे गप्प बसायचे. शेवटी एका वर्धापनदिनाला आम्ही उत्कृष्ट वाचक म्हणून श्री. वसंत राऊत यांचा सत्कारच केला. ते येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने सुमनताईंनी शाल आणि नारळ घेतला. अध्यक्षांनी माईकवरून सांगितलं की अशा वाचकाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या पत्नीचंही कौतुक केलं पाहिजे. टाळ्या पडल्या. सुमनताई पदर सावरत एवढंच म्हणाल्या, "सांगते त्यांना."

मग एका बाजाराच्या दिवशी त्या आल्या त्या रिकाम्या पिशवीनं. पुस्तक हातातच होतं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ते गेले." दिवसकार्य उरकून त्या आधी पुस्तक परत करायला आल्या होत्या. दुसऱ्याची वस्तू घरात राहू नये म्हणून. मी उठून त्यांचा हात धरला. मला रडू आलं, त्यांना नाही. नियमाप्रमाणे सभासद वारला की कार्ड रद्द होतं. राऊतांचं कार्ड रद्द झालं आणि सुमनताई यायच्या थांबल्या.

पुढे कित्येक महिने बाजाराच्या दिवशी माझी मान दाराकडे वळायची. नवी पुस्तकं मागवताना हात अडखळायचा. बाईंना बिचाऱ्यांना आता काय करमत असेल, असंही मनात यायचं. पण घरी जाऊन यावं हे काही सुचलं नाही. ते सुचलं शिक्षणामुळे, आणि शिक्षण सुचलं रागामुळे.

झालं असं की एका प्रशिक्षण शिबिरात शेजारी बसलेल्या तरुण ग्रंथपालानं अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, तुमचं फक्त बी.लिब.?" त्या "फक्त"ला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी होती, घरात आम्ही दोघंच. मी जाहीर केलं की मी एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्रातली पुढची पदवी, करणार. आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यात जन्म गेलेला. कशालाही "कशाला?" म्हणायची त्यांना सवय. या वेळी मात्र म्हणाले, "कर. रविवारी स्वयंपाक मी बघतो." त्यांचा स्वयंपाक म्हणजे खिचडी. अख्खं शिक्षण मी खिचडीवर केलं.

मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र पालघरला होतं आणि वर्ग रविवारी भरायचे. वर्गात बहुतेक मुलं-मुली माझ्या लेकीपेक्षा लहान. शिकवणाऱ्या कदम मॅडमही तशाच, तिशीच्या. त्या मला मॅडम म्हणायच्या, मी त्यांना मॅडम म्हणायची, आणि बाकीच्या पोरांना कळायचं नाही की नक्की शिकवतंय कोण. पहिल्या दिवशी मी डबा काढला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात?"

अभ्यास सोपा नव्हता. वीस-पंचवीस वर्षं जे हातानं करत होते, त्याला आता व्याख्या लागली. वर्गीकरण म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या विषयाच्या आकड्याखाली बसवायचं ते शास्त्र. त्याचं मला इतकं वेड लागलं की मी घरातल्या फडताळातले डबेही मनातल्या मनात आकड्यांखाली टाकू लागले. ह्यांनी विचारलं, "मला कुठल्या आकड्यात टाकलंस?" मी म्हटलं, "संकीर्ण."

तालिकीकरणात तर मी अडकूनच पडायची. प्रत्येक पुस्तकाची नोंद त्याच्या कर्त्याच्या नावाखाली करायची, इतकं साधं ते वाटतं. पण टोपणनावानं लिहिणारे असतात, दोघांनी मिळून लिहिलेलं असतं, एकाच्या नावावर दुसऱ्यानं लिहिलेलं असतं. अशा वेळी वाचकाची चुकामूक होऊ नये म्हणून एक जादा नोंद करतात. या नावाखाली शोधत असाल तर त्या नावाकडे पाहा. कदम मॅडम सांगायच्या, "नुसतं वर छापलेलं नाव बघू नका. खरा कर्ता कोण ते शोधा." मी ते वाक्य परीक्षेसाठी पाठ केलं.

शेवटी प्रकल्प आला. बहुतेकांनी वाचकांच्या सवयी हा विषय घेतला. वाचनालयात बसायचं, येईल त्याला प्रश्नावली द्यायची, भरून घ्यायची. मी म्हटलं, येणारे मला माहीत आहेत, मला जे यायचे थांबले त्यांचा अभ्यास करायचा आहे. कदम मॅडम बुचकळ्यात पडल्या.

"पण मॅडम, जे येतच नाहीत ते प्रश्नावली कशी भरणार?"

"मी त्यांच्या घरी जाईन."

"या ऑक्टोबरच्या उन्हात? फार फिरावं लागेल तुम्हाला."

"फिरायचंच आहे मला," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा एकच घर होतं. राऊत गेले ते गेले, पण त्यांच्यासाठी इतकी वर्षं ओझं वाहणाऱ्या बाईला एकदा तरी आपल्या दारात परत आणायचं, एवढंच मला हवं होतं. प्रकल्प हे निमित्त.

तरी सुरुवात मी जवळून केली. बेटेगावला एक निवृत्त फोरमन राहतात. रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे, अचानक बंद झाले. मला वाटलं तब्येत. त्यांनी मला चहा दिला, घरच्यांची चौकशी केली आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, "तुम्ही खिडकीजवळची माझी खुर्ची काढून तिथे कॉम्प्युटर ठेवलात." मी प्रश्नावलीत बघितलं, असा पर्यायच नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर भिंतीकडे सरकवला. फोरमनसाहेब आता परत येतात आणि रोज एकदा खुर्ची जागेवर आहे ना, असं माझ्याकडे बघतात.

राऊतांकडे गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. शेअर रिक्षानं फाट्यावर उतरून नारळी-चिकूच्या वाड्यांमधून चालत गेले. सुमनताई अंगणात चिकू निवडत बसल्या होत्या. मला बघून गडबडीनं उठल्या. "मॅडम? तुमी? काय पुस्तक राहिलं काय आमच्याकडं?"

"नाही हो. तुम्हालाच भेटायला आले."

त्यांनी ओटीवर सतरंजी घातली. आत पलंग होता, त्यावर घडी केलेली आमची शाल. शेजारच्या घरातून त्यांची जाऊ आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी कागद काढले आणि पहिला प्रश्न विचारला, सभासदत्व का सोडलं?

"मी कुठं सभासद होते? कार्ड त्यांच्या नावाचं. रेशनवर त्यांचंच नाव, लाइटबिलावर त्यांचंच, तसं ते."

"वसंतभाऊंची फार आठवण येते आम्हाला," मी म्हटलं. "त्यांचं मत आल्याशिवाय मी पुस्तक घेत नसे. अगदी एका वाक्यात सांगायचे."

जाऊ सरळ झाली. "कोन सांगायचे?"

"भाऊ."

"भावजी? अवो मॅडम, भावजींना लकवा मारला तवापासून त्यांच्या तोंडातून एक शबुद नाय निघाला. मंग पार जाईपर्यंत नाय."

मी सुमनताईंकडे बघितलं. त्यांनी हातातला चिकू खाली ठेवला नाही, तसाच धरून ठेवला. मग जावेला म्हणाल्या, "जा गं, चहा टाक." ती गेल्यावर त्यांनी तो चिकू बाकीच्यांत टाकला. मी कागद मिटून पिशवीत ठेवले.

"डाक्टर म्हनले, यांच्याशी बोलत ऱ्हा," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ तेल चोळायचं, तवा काय बोलनार? वाडीचं सांगून होई, मग संपे. म्हनून पुस्तक आनलं. एका हातानं चोळायचं, एका हातात पुस्तक. ते माझ्या तोंडाकडं बघायचे. नाय आवडलं का मान भिंतीकडं करायचे."

"आणि ते शेवट घाईत उरकलाय, रहाट असा वाजत नाही..."

"ते बोलते असते तर तसंच म्हनले असते. मला कळायचं ना." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मी काय वाचनारी हाय? चवथीपर्यंत शिकलेली. माजं मत म्हनून सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं काय?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या उठून आत गेल्या आणि शाल घेऊन आल्या. "मॅडम, ही मी खोटी घेतली काय ओ? परत नेता काय?"

मी ती शाल त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर घातली. म्हटलं, "ती योग्य माणसाकडेच आली होती. अध्यक्षांनी नाव तेवढं चुकीचं वाचलं." त्या वेळी मला कुठलीही व्याख्या आठवत नव्हती. पण घरी जाताना रिक्षात कदम मॅडमचं ते "खरा कर्ता कोण ते शोधा" एकदम कानात वाजलं आणि मी एकटीच हसले, आणि मग डोळे पुसले. तेलाचा वास इतकी वर्षं नाकाशी आला होता आणि मी गुडघ्यांवर समाधान मानलं होतं.

निघण्यापूर्वी मी त्यांना म्हटलं होतं, "कार्ड तुमच्या नावानं करते. या तुम्ही."

"आता कोनासाठी?"

मी चपला घालता घालता विचारलं, "शेवटचं पुस्तक वाचून झालं होतं?"

"नाय. अर्ध्यावर ऱ्हायलं. ते गेले तवा त्यातली माणसं बोटीत बसली होती, पुढं वादळ येनार होतं."

"मग पुढे काय झालं बघावंसं नाही वाटलं?"

"वाटलं," सुमनताई म्हणाल्या. "पन मी पुढं गेले असते तर ते तिथंच मागं ऱ्हायले असते ना."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालय उघडलं ते थेट मागच्या खोलीत गेले. जी पुस्तकं फाटतात, कुणी नेत नाही, ती दर वर्षी बाद करावी लागतात, नाहीतर नव्यांना जागा उरत नाही. ते करताना मला दर वेळी वाईट वाटतं, पण ते काम आहे. बाद करायच्या गठ्ठ्यात ते बोटीचं पुस्तक होतं. पाठ उसवलेली, शेवटची पानं लोंबत होती. अजून त्याला तेलाचा वास येत होता. मी खळ शिजवली, पाठीला कापडाची पट्टी लावली, पानं शिवली आणि जड कोशाखाली दाबून ठेवली. त्या कामगाराच्या सर्टिफिकेटसारखीच.

रविवार येताच पालघरच्या वर्गाला दांडी मारून पुन्हा तिकडे गेले. पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं मागचं पान उघडलं, परत करायची तारीख असते ते. तिथे मी काही लिहिलं नव्हतं.

"तारीख?"

"नाही टाकली. जमेल तेव्हा वाचा, नाही जमलं तर राहू दे. भाऊंनाही सांगा पुढे काय झालं ते."

त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं. वाचेन म्हणाल्या नाहीत, नाही वाचणार असंही नाही. मला पिशवीभर चिकू दिले.

पुढे माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, एवढ्याशा लोकांना भेटून काय निष्कर्ष काढलात? मी म्हटलं, "सर, आमच्याकडे सभासदांची नोंद असते, वाचकांची नसते. कार्ड कुणाचंही असो, पुस्तक कोण वाचतं ते विचारायला हवं." त्यांनी उदाहरण मागितलं. मी राऊतांचं सांगितलं, नाव न घेता. शालीपर्यंत आले आणि थांबावं लागलं. कदम मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला, पण त्यांनाही तो लागला असता. मी पास झाले. ह्यांनी खिचडीवर तूप जास्त घातलं.

पण सुमनताई आल्या नाहीत. थंडी गेली, आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरल्या. बाजाराच्या दिवशी मी दाराकडे बघायची, मग बघायचं नाही असं ठरवायची, मग पुन्हा बघायची. तिसऱ्यांदा जाऊन त्यांना भरीस पाडावं असं एकदा वाटलं. नाही गेले. एम.लिब. झाल्यामुळे मला शहाणपण आलं नव्हतं, पण एवढं कळत होतं की ते पुस्तक त्यांना एकटीनं पार करायचं होतं.

उन्हं चांगली तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी फोरमनसाहेब खिडकीशी पेपर वाचत होते. दार ढकललं गेलं. भाजीची पिशवी आधी आत आली, मग सुमनताई. त्या टेबलाशी आल्या, वर्तमानपत्र उलगडलं, पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी ते उघडून झटकलं. तेलाचा वास गेला होता. शेवटच्या पानावर बोटाचा एक पुसट डाग होता, कैरीच्या तिखटमिठाचा असावा.

"झालं वाचून?"

"झालं."

"मग? कसं वाटलं?"

"ते म्हन..." त्या थांबल्या. पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरले.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला शेवट नाय आवडला. वादळातनं बोट आनली इतकी छान, आनि किनाऱ्याला लागल्यावर कुनी कुनाशी बोलतच नाय. असं असतं काय?"

"नसतं," मी म्हटलं.

"दुसरं हाय काय? चांगलं?"

खण उघडून मी कोरं कार्ड काढलं आणि पेन धरून त्यांना नाव विचारलं, जसं पहिल्यांदा येणाऱ्या कुणालाही विचारते. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि खिडकीतल्या फोरमनसाहेबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सुमन वसंत राऊत."

मी ते सावकाश लिहून काढलं. दोघांचं मिळून कार्ड झालं.